शेवटपर्यंत बसलेली मुलगी

शिपाई आला होता, असं आई म्हणाली तेव्हा मी तिच्या उशीला धुतलेला अभ्रा घालत होते. आई बाल्कनीत खुर्चीवर बसलेली आणि दिवसपाळीची बाई खाली स्टुलावर बसून तिच्या पायाची नखं कापत होती. बाईच्या मुलीचा निकाल त्या दिवशी सकाळीच लागला होता आणि आल्यापासून तिच्या तोंडाला खळ नव्हता. "पोरीला चौऱ्याहत्तर टक्के पडले, आजी. आमच्या सगळ्या खानदानाचे एकत्र केले तरी एवढे भरायचे नाहीत." आई हसली. मग म्हणाली, "आमच्या हिच्या निकालाची गंमत सांगते तुला. आदल्या दिवशी संध्याकाळी शाळेचा शिपाई आला होता. म्हणाला, उद्या मुलीला घरीच राहू दे. मी म्हटलं, बरं. आणि सकाळी दिली पाठवून, बापाबरोबर." आईने सगळं आयुष्य टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढलं. तिला आता बरंच काही विसरायला होतं, गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, पण आवाज तसाच आहे. एकेक शब्द सुटा, धुतल्यासारखा. आतल्या खोलीत मला सगळं ऐकू येत होतं. बाईने विचारलं, "का हो, आजी?" आई म्हणाली, "मिरवायचं होतं ना त्यांना. म्हटलं, मिरवा." बाईचं नखं कापणं थांबलं असावं, कारण तो बारीक आवाज बंद झाला. "आणि ताई?" तिने हळूच विचारलं. "ती काय, लहान होती," आई म्हणाली. "पोरं विसरतात. जरा अंगठ्याचं नीट काप, मोज्यात अडकतं."

उशी अर्धी अभ्र्यात आणि अर्धी बाहेर, अशी मी तिथेच पलंगावर बसले. मला सत्तरावं लागून गेलंय. आधी मनात आलं ते अगदीच भलतं: चहा गाळायचा राहिलाय. मी उठून चहा गाळला, तो काळा झाला होता, ओतून टाकला, दुसरा ठेवला. तो दुसरा उकळेपर्यंत मी त्या हॉलमध्ये जाऊन पोचले होते. तिथे जायला मला कधीच वेळ लागत नाही. इतक्या वर्षांत मी तिथे इतक्या वेळा गेलेय की ती वाट पायाखालची झालीय, आणि दर वेळी त्या वाटेच्या शेवटी दारात आई उभी असायची. आई उभी असायची म्हणून तर मी जायची.

आमची शाळा अगदी छोटी होती. एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या, आणि त्यांतल्या दोन खोल्यांमधली लाकडी घडीची भिंत सरकवली की त्यांचा हॉल व्हायचा. खाली यंत्रं चालू असली की बाकं बारीक थरथरायची. अजूनही चालू फ्रिजला हात टेकला की मला गणिताचा तास आठवतो. मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणायचे. त्या खरोखरच चांगल्या होत्या, आणि वार्षिक निकालाची पद्धत त्यांनी स्वतः विचार करून बसवली होती. एकेका वर्गाची नावं टक्क्यांसकट खालून वर वाचायची. सगळी मुलं बाकांवर बसलेली, मागे खुर्च्यांवर आईबाप. नाव आलं की उठायचं आणि भिंतीला लागून उभं राहायचं. जसजशी नावं वर चढत, तसतशी भिंत भरत जायची आणि बाकं रिकामी होत जायची. शेवटी एकच मूल बसलेलं उरायचं. त्याचं नाव वाचतच नसत. मोठ्या बाई व्यासपीठावरून उतरायच्या, बाकांमधल्या वाटेने चालत त्याच्यापाशी यायच्या आणि हात धरून त्याला वर घेऊन जायच्या. आपलं नाव येऊ नये, आणखी थोडा वेळ येऊ नये, यातच आमच्या शाळेत सगळं सुख होतं. आणि जी मुलं नापास असत त्यांचीही नावं वाचत नसत. चारचौघांत लेकराची शोभा नको, म्हणून आदल्या संध्याकाळी शाळेचा शिपाई सायकलवरून त्यांच्या घरी जायचा. नापास हा शब्द तोंडातून काढायचा नाही, अशी त्याला ताकीद होती. "मोठ्या बाई म्हणाल्यात, उद्या घरीच राहू दे." एवढंच म्हणून तो पुढे जायचा. त्या संध्याकाळी गल्लीत त्याची घंटी वाजली की गॅलरीत उभ्या असलेल्या आया आत सरकायच्या. पद्धत दयेचीच होती. फक्त तिच्यात पहिली आलेली मुलगी आणि नापास झालेली मुलगी यांना वेगळं ओळखायला दुसरी काही खूण नव्हती. दोघींचंही नाव येत नसे, आणि एकीला घरी ठेवलेलं असे, इतकंच.

बाबा विम्याचे एजंट होते. समोरच्याचा हात दोन्ही हातांत धरून बोलायची त्यांची सवय होती, आणि हात सोडेपर्यंत समोरच्याने सही केलेली असायची. घरी माणसं आली की ते मला बोलवून घ्यायचे. "हिची बुद्धी माझ्यावर गेलीय. आईवर गेली असती तर जन्मभर हॅलो, होल्ड करा, एवढंच करत बसली असती." माणसं हसायची. आई चहाचा ट्रे ठेवायची, तीही हसायची. मला ते हसणं खरं वाटायचं. मी बाबांची होते. त्यांच्या गुडघ्यावर कोपर टेकून मी आईकडे बघायची आणि मला वाटायचं, ही बिचारी आमच्यातली नाही. त्या वर्षी गणिताच्या पेपरात मी पहिल्याच उदाहरणात अडकले. ते सुटल्याशिवाय पुढचं बघायचंही नाही, असा हट्ट धरून बसले. आणि ते सुटलं. सुटलं याचा इतका आनंद झाला की मान वर केली तेव्हा पेपर गोळा करत होते. बाबांनी विचारलं, कसा गेला. मी म्हटलं, बरा. खोटं नव्हतं ते, निदान मला तसं वाटलं नव्हतं. एक उदाहरण तर फारच बरं गेलं होतं. बाबांनी गल्लीत सांगून टाकलं, यंदा आमची पहिली. दुकानदाराला सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं, केस कापायला गेले तिथे सांगितलं. आई शांतपणे वर्तमानपत्राच्या रद्दीची बारकी बारकी घडी घालत ऐकत होती, ते मला आठवतं. आणि निकालाच्या सकाळी आईने माझी वेणी घातली. एरवी मीच घालायची. तिने इतकी घट्ट घातली की कपाळाची कातडी मागे ओढली गेली. फ्रॉकला स्वतः इस्त्री केली, कॉलर सारखी केली, आणि म्हणाली, "ताठ बस." आपली ड्यूटी आहे, जमणार नाही, असं बाबांना म्हणाली. बाबा म्हणाले, "तुझं काय अडलंय तिथे, मी आहे ना."

हॉलमध्ये मी तिसऱ्या बाकावर बसले होते. पहिली काही नावं झाली तेव्हा मला भीती होती. आपलं नाव खालच्या नावांत असणार हे मला आत कुठेतरी ठाऊक होतं. त्या कोऱ्या राहिलेल्या पानांचं पांढरेपण माझ्या पोटात होतं. दर नावाला मी अर्धी उठायची. पण नाव दुसऱ्याचं असायचं. मग माझ्या शेजारची उठली. मागचे दोघे उठले. बाकाला पाठीमागून टेकलेले पाय गेले, बाक हलकं झालं. आणि हळूहळू भीतीच्या जागी काहीतरी वेगळंच भरायला लागलं. पन्नास टक्क्यांच्या आत नाही. साठाच्या आत नाही. माझ्याहून हुशार मुलं उठून भिंतीला लागत होती आणि तिथून माझ्याकडे बघत होती, आणि त्यांच्या नजरेत मी वर चढत होते. कोरी पानं मी विसरले. मला खरोखर आठवायला लागलं की ती उदाहरणं मी सोडवली होती. खाली यंत्रं चालू होती आणि माझ्या बोटांखाली बाक थरथरत होतं. मी ताठ बसले होते. शेवटी दोघीच उरलो, मी आणि घारी. घारी म्हणजे डॉक्टरांची मुलगी, डोळ्यांवरून सगळे तिला तेच म्हणायचे. दर वर्षी पहिली तीच यायची. मोठ्या बाईंनी दुसरा नंबर म्हणून एका मुलाचं नाव वाचलं, तो उठला, आणि तरीही आम्ही दोघी बसलेल्या होतो. घारीने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती घाबरली होती, माझ्यामुळे घाबरली होती, आणि मी तिच्याकडे बघून हसले. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. बाबा उभे राहिले होते. कुणीतरी त्यांचा हात हातात घेतला होता आणि ते म्हणत होते, "अहो, मी म्हटलंच होतं. तुमच्या पोरांचंही भविष्य आपण पक्कं करून टाकू." लोक हसले. मी त्या दिवसानंतर पुष्कळ जगले. नोकरीत कायम झाले, घर झालं, समुद्र पाहिला, एकदा एका माणसाने मला फार प्रेमाने काही विचारलंही होतं. पण त्या बाकावरच्या त्या अर्ध्या मिनिटात मी जितकी सुखी होते, तितकी त्यातल्या कशानेही झाले नाही. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोकांना माझी कीव येईल, आणि ते सुख तर खरं होतं.

मोठ्या बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, मग दाराशी उभ्या असलेल्या शिपायाकडे पाहिलं. मग त्या उतरल्या. मधल्या वाटेने आमच्याकडे यायला लागल्या. मी हात पुढे केला. त्यांनी उजव्या हाताने घारीचा हात धरला आणि डावा हात माझ्या खांद्यावर ठेवून, वाकून, अगदी हळू आवाजात विचारलं, "तुला कुणी सांगितलं नाही का गं?" खालची यंत्रं नेमकी तेव्हाच जेवणाच्या सुट्टीसाठी थांबली होती, त्यामुळे ते हळू बोलणं सगळ्यांनी ऐकलं. भिंतीकडून कुणीतरी फिसकन हसलं, मग बरीच जणं. पुढे केलेला हात मला मागे घेता येईना. तो माझा नसल्यासारखा हवेत तसाच राहिला. आणि बाबा, उभेच, चेहऱ्यावर तेच हसू, हात दुसऱ्या कुणाच्या तरी हातात, मोठ्याने म्हणाले, "म्हणजे दोघी?" मोठ्या बाई म्हणाल्या, "तुम्ही बसा." तेव्हा कुठे त्यांना कळलं. मी मान वळवली आणि दारात आई दिसली. ड्यूटीच्या कपड्यांतच होती, धापा टाकत होती. ती आत आली, त्या सगळ्यांमधून सरळ माझ्याकडे आली, आणि तिने तिचा तळवा माझ्या डोळ्यांवर ठेवला. तसाच ठेवून मला जिन्यापर्यंत नेलं. तळव्याला हेडफोनच्या रबराचा आणि कोल्ड क्रीमचा वास होता. त्या काळोखात मी तिच्या कमरेला धरून चालत होते. मला वाटलं, हिला कसं कळलं? कामावरून पळत आली. लोकांची तोंडं मला दिसू नयेत म्हणून डोळे झाकले. आणि आजवर आपण हिच्याकडे काय नजरेने बघत होतो. जिना उतरता उतरता मी बाबांची राहिले नाही, आईची झाले.

पुढचं सगळं त्या तळव्यातून आलं. बाबांनी दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन शिपायाला नको ते बोलून घेतलं. तो म्हणत राहिला, सांगितलं होतं साहेब, तुमच्या घरच्या बाईंनाच सांगितलं होतं. आई म्हणाली, "आमच्याकडे कुणी आलं नव्हतं." आईचा तो धुतलेला आवाज, आणि शिपाई तर अधूनमधून पिणारा. मोठ्या बाईंनी त्याला काढून टाकलं. पुढे तो सिनेमाच्या थिएटरबाहेर सायकली सांभाळायचा. मी कॉलेजला जाताना तिथून जायची. एकदा तो स्टुलावरून उठला, दोन पावलं पुढे आला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेले. बाबांनी आमच्या गल्लीत धंदा करणं सोडून दिलं. विमा विकायला दूरच्या वस्तीत जायचे, उशिरा यायचे, माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलायचे, आणि घरी माणसं आली की मला कुणी बोलवत नसे. ते कधी चुकून काही बढाई मारायला लागले, तर आई भाजी चिरता चिरता मान वर न करता म्हणायची, "म्हणजे दोघी?" मग बाबा गप्प व्हायचे. आमच्या घरातला तो विनोदच झाला होता. मीही हसायची. माझा धाकटा भाऊ तर पोट धरून हसायचा. त्या वर्षी मी त्याच वर्गात राहिले, तो खालून वर आला, आणि एक वर्ष आम्ही दोघं एकाच वर्गात होतो. निकालाला शेवटी तो एकटा बसलेला उरला. आई पहिल्या खुर्चीवर होती. मी भिंतीला लागून उभी होते आणि तिचा चेहरा बघत होते. मला हेवा वाटला नाही. मला वाटलं, माझ्यासाठी ती पळत आली होती. त्याच्यासाठी फक्त बसून आहे.

मी पाणीपट्टीच्या खिडकीवर नोकरी केली. लग्न केलं नाही. जमत नव्हतं असं नाही, पण बाबा गेले होते, भाऊ परदेशी गेला होता, आईला कोण बघेल, असं मी म्हणायची, आणि असं म्हणताना मला बरं वाटायचं. मैत्रिणी म्हणायच्या, तू वेडी आहेस, भाऊ तिकडे मजेत आहे आणि तू इथे बेडपॅन धुतेस. मी मनात म्हणायची, तुमच्या डोळ्यांवर कुणी हात ठेवला नव्हता. त्या दिवशी बाईने नखं कापून झाल्यावर केराच्या सुपलीत ती गोळा केली, माझ्याकडे न बघता मोरीत हात धुतले आणि ती लवकर गेली. आम्ही दोघीच राहिलो. मी चहा नेला. बशीत ओतून दिला, तिचे हात थरथरतात म्हणून बशी मीच धरली. तिने घोट घेतला आणि म्हणाली, "आज जरा कडू झालाय." मी विचारलं, "मग दारात का आली होतीस?" मला वाटलं तिला कळणार नाही, कुठलं दार, विचारेल. पण जुनं तिला सगळं आठवतं. ओठ पुसून तिने मला सरळ उत्तर दिलं, एखादा नंबर विचारल्यावर सांगावा तसं.

"बघायला."

मी म्हटलं, "आणि डोळे का झाकलेस माझे?" "तू माझ्याकडे बघायला लागली होतीस," ती म्हणाली. "मला हसू आवरत नव्हतं. त्यांचं ते तोंड..." आणि आताही तिला हसू आलं. दात नसलेलं, मऊ, लहान मुलासारखं हसू. बशीतला चहा हिंदकळून माझ्या मनगटावर सांडला. मग ती एकदम गंभीर झाली. "फार बोलायचे गं ते मला. माणसांसमोर. तुला आठवत नसेल." मी म्हटलं, आठवतं. "तूसुद्धा हसायचीस," आई म्हणाली. त्यात राग नव्हता. माझ्या हातातल्या बशीकडे बोट करून तिने आणखी चहा मागितला.

त्यानंतर काही दिवस मी तिचं सगळं नेहमीसारखंच केलं. आंघोळ घातली, गोळ्या दिल्या, कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली. हातांना सवय असते, त्यांना कळायला उशीर लागतो. पण हात तेच करत असताना मी शोधत होते. इतक्या वर्षांतलं दुसरं काहीतरी, तिने माझ्यासाठी केलेलं, जे त्या दारातून आलेलं नाही. तापात उशाशी बसली असेल. डबा दिला असेल. प्रत्येक आईने दिलेला असतो तेवढा डबा सापडला. मग भावाचा फोन आला. आईच्या वाढदिवसाला तो येणार होता, बऱ्याच वर्षांनी, आणि आईने त्याच्यावाचून दुसरं काही बोलणंच सोडलं होतं. "नाही गं जमत," तो म्हणाला. "ऑफिसचं अचानक निघालं. तिला फार लागेल. तू सांग ना, तुला बरोबर जमतं तिच्याशी." मी म्हटलं, "बरं." फोन ठेवून मी आत गेले. आई पलंगावर बसून दाराकडे बघत होती. "त्याचा होता?" तिने विचारलं. मी म्हटलं, "बाईचा होता. उद्या जरा लवकर येतेय."

वाढदिवसाच्या सकाळी मी तिला न्हाऊ घातलं. केस आता मूठभरसुद्धा नाहीत, ते नीट विंचरून बांधले. कपाटातला निळा रेशमी झगा तिला फार आवडतो, तो इस्त्री करून घातला. गळ्यात मोत्यांची माळ. आरसा धरला. "पावडर जास्त झाली का?" तिने विचारलं. "बघ बाई, तो म्हणेल, आईला काय नाटकात पाठवताय की काय." बाई म्हणाली, "आजी, आज तुमचीच दृष्ट काढावी लागेल. कधी पोचतायत साहेब?" तिने ते मला विचारलं होतं. मी म्हटलं, "येईल." आईला खुर्चीत बसवून खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवली. जिन्यावर पावलं वाजली की तिचा हात माळेकडे जायचा. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली की ती म्हणायची, "वाहनं मिळत नसतील." दुपारचं जेवण तिने बाजूला सारलं, त्याच्याबरोबर जेवेन म्हणाली. बाईने मला स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, फोन करून बघा ना, म्हातारी भुकेली बसलीय." मी म्हटलं, "तू घरी जा आता. पोरीला काहीतरी घेऊन जा, पास झालीय ती." बाई पिशवी उचलून गेली.

मी दुसरी खुर्ची आणली आणि आईच्या समोर, थोडी बाजूला ठेवली, जिथून तिचा चेहरा पूर्ण दिसतो. ऊन बाल्कनीतून आत आलं होतं, तिच्या गालावरची पावडर सुरकुत्यांत जमलेली दिसत होती. डोळे दारावर होते. ती खुशीत होती अजून. ओठ मध्येच हलत होते, तो आल्यावर काय बोलायचं ते म्हणून बघत असावी. मला घाई नव्हती. खाली कुणीतरी दार आपटलं, ती सरसावून बसली, वाट पाहिली, परत टेकली. किती वेळ झाला ते मी पाहिलं नाही. मग पहिल्यांदाच तिने दारावरून नजर काढली आणि मी तिच्याकडे बघतेय हे तिच्या लक्षात आलं.

"तू कशाला बसलीस गं?" आई म्हणाली. "सकाळपासून राबतेयस. जा, जरा आडवी हो."

"राहू दे," मी म्हटलं. "बसते तुझ्यापाशी."

तिचे डोळे भरून आले. हात लांब करून तिने माझा हात धरला आणि आपल्या मांडीवर ओढून घेतला. "एवढं कोण करतं गं कुणासाठी," ती म्हणाली, आणि माझा हात तसाच धरून पुन्हा दाराकडे बघायला लागली. मी हात सोडवून घेतला नाही. खुर्ची तेवढी जराशी पुढे ओढली, कारण ऊन सरकलं होतं आणि तिच्या चेहऱ्यावर सावली यायला लागली होती.